वकील नको, मीच बोलतो!

केळापूरचं सत्र न्यायालय भरतं पांढरकवड्यात. तिथे उभ्या आरोपीवर वकील घेण्याची सक्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४० नुसार पसंतीचा वकील हा हक्क आहे, बंधन नव्हे. लोकमान्य टिळकांनी १९०८ च्या राजद्रोह खटल्यात स्वतःच २१ तास १० मिनिटं भाषण केलं. ते तर कायदा शिकलेले. तरी ६ वर्षांची शिक्षा चुकली नाही. मग घरी कोलामी बोलणाऱ्या, पोडावरच्या (कोलाम वस्तीवरच्या) माणसाने फौजदाराची उलटतपासणी कशी घ्यायची? ऐपत नसेल तर कलम ३४१ खाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा कायद्यात महिला, कोठडीतले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइन : १५१००.