लायसन्स लागत नाही म्हणे!

गेल्या ईदला नांदेडच्या देगलूर नाका भागात आमच्या नात्यातल्या एका मुलाने ईदी जमवली, मामूंनी वरची रक्कम टाकली आणि घरात हॉवरबोर्ड आला. दोन चाकं, मध्ये उभं राहायची फळी. हँडल नाही, ब्रेक नाही. अंग पुढे झुकवलं की पळतो, मागे घेतलं की थांबतो. दोन दिवस तो गच्चीवर फिरला, तिसऱ्या दिवशी गल्लीत आणि चौथ्या दिवशी थेट मोठ्या रस्त्यावर. एका बुजुर्ग खालाजानला धक्का लागला, भाजीची पिशवी रस्त्यावर सांडली. अल्लाहचं करम, एवढ्यावरच निभावलं. "अहो, खेळणं ते, त्याला कसला आलाय कायदा?" घरातल्या मोठ्यांनीच आम्हाला ऐकवलं.

त्याच महिन्यात लातूरला बहिणीकडे जाणं झालं. लातूर म्हणजे ट्यूशनचं गाव. पंधरा वर्षांची भाची सकाळी फजरनंतर लगेच इलेक्ट्रिक स्कूटीवरून क्लासला निघते. स्कूटीला नंबर प्लेट नाही. दुकानदाराने सांगितलं होतं, "आरसी नको, लायसन्स नको, इन्शुरन्स नको. पोलीस हात लावणार नाहीत." दुल्हेभाई निर्धास्त होते.

आम्ही मात्र नियम काढून बसलो. दुकानदार अर्धं खरं बोलला होता, आणि उरलेलं अर्धं घर बुडवू शकेल असं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 2 (यू) मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते 'मोटार वाहन' धरलं जात नाही. म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही. पण पुढची अट कोणी वाचत नाही. या गोष्टी सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेल्या हव्यात. आपल्या राज्यात असं काम पुण्याची एआरएआय करते. दुकानदाराची जीभ म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

भाचीला सहज विचारलं, "बेटा, किती पळते ग?" ती कौतुकाने म्हणाली, "मामू, चाळीस! दुकानातच लॉक काढून दिलं." स्पीडची वायर काढून दिली होती, तीही मोफत सेवा म्हणून! ज्या क्षणी वायर निघाली त्या क्षणी सवलत गेली. आता ती कायद्याने पुरेपूर मोटार वाहन, तेही बिननोंदणीचं, विम्याशिवायचं आणि लायसन्स नसलेल्या मुलीच्या हातातलं. हे एकट्या लातूरचं नाही. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी असे फेरफार केलेल्या ई-बाईकवर कारवाई करायला सगळ्या आरटीओंना सांगितलं होतं.

आता आई-बापांनी नीट वाचावं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आलं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. "आम्हाला माहीतच नव्हतं" किंवा "आम्ही पुरेपूर खबरदारी घेतली होती" हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच. ज्या बापाने स्वतः पैसे मोजून लॉक काढलेली गाडी आणली, तो काय सिद्ध करणार?

दंडापेक्षा आम्हाला विम्याची धास्ती जास्त वाटते. समोरचा जखमी झाला, त्याचा पाय गेला, तर भरपाई विमा कंपनी देणार नाही. ती आपल्या खिशातून, दुकान नाहीतर दागिने विकून. आणि तो हक्क बंद्याचा आहे, नुसत्या तौबाने फिटणारा नाही. गाडी खरोखर कमी वेगाची असली तरी सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकण्याला लागू होतं. त्यात मोटार वाहनच हवं असं नाही.

आता हॉवरबोर्ड. त्याची थोरली बहीण सेगवे अमेरिकेत डिसेंबर 2001 मध्ये आली; तिला निदान धरायला दांडा तरी होता. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनाही समुद्रकिनाऱ्यावरच्या गस्तीसाठी अशा तोल सावरणाऱ्या गाड्या मिळाल्या, तेव्हापासून "पोलीस चालवतात, मग आम्ही का नाही?" असं मुलं विचारतात. उत्तर सोपं आहे. चाचणीचं प्रमाणपत्र नसलेलं, ब्रेक नसलेलं यंत्र सवलतीत बसत नाही आणि मोटार वाहन म्हणून त्याची नोंदणीही होत नाही. म्हणजे रस्त्यावर त्याला जागाच नाही. पदपथावर न्यावं, तर तो पायी चालणाऱ्यांचा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. (नांदेडला पदपथ शोधावा लागतो, हा भाग वेगळा.) रस्त्याचा हक्क द्या, कोणाला त्रास होऊ देऊ नका, ही प्यारे नबी सल्ल. यांची शिकवण तर घरोघरी माहीत आहे.

ब्रिटनमध्ये 2015 साली पोलिसांनी जाहीर केलं की हॉवरबोर्ड रस्त्यावरही नाही आणि पदपथावरही नाही; पदपथाच्या बंदीसाठी आधार निघाला 1835 चा कायदा! दुबईत ज्यांचे भाऊ-मुलगे आहेत त्यांना ठाऊक असेल: 2022 पासून तिथे ई-स्कूटरला किमान वय 16 आहे, ड्रायव्हिंग लायसन्स नसेल तर ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो आणि ठरवून दिलेल्या मार्गांवरच चालवता येते. आपल्याकडे इतका स्पष्ट नियम व्हायला हवा, असं आमचं मत आहे. तोवर घेताना त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा, बिलावर मोटरची ताकद लिहून घ्या, आणि दुकानदार "लॉक काढून देतो" म्हणाला तर सलाम करून बाहेर पडा.

लातूरची स्कूटी दुल्हेभाईंनी दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन वायर परत जोडून घेतली. प्रमाणपत्राची प्रत अजून मिळालेली नाही, "पुढच्या आठवड्यात" चालू आहे. तोपर्यंत भाची ऑटोने जाते आणि मामूंवर रुसून आहे. नांदेडचा हॉवरबोर्ड पुन्हा गच्चीवर गेला. जिन्याच्या दाराला कडी आहे, आणि चावी दादीअम्मांच्या बटव्यात.