सागरकिनाऱ्यावरील चर्टचे गोटे : ओळख व अन्वयार्थ

चर्ट हा सूक्ष्मस्फटिकी सिलिकेचा गाळाचा खडक होय. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्याच्या चेसिल किनाऱ्यावरील बहुतांश गोटे चर्टचे व त्याचाच प्रकार असलेल्या फ्लिंटचे आहेत. त्यांची रंगावरून ओळख फसवी ठरते; लोहाच्या अंशाने मूळचा काळा फ्लिंटही तपकिरी होतो. कठिनता सुमारे ७ असल्याने पोलादी चाकूचा ओरखडा त्यावर उमटत नाही. सौम्य आम्लात चुनखडक फसफसतो, चर्ट नाही. क्वार्टझाइट तितकाच कठीण, परंतु भिंगाखाली त्याचे कण दिसतात. चर्टच्या ताज्या फुटीवर शिंपल्यासारखी वक्रता असते. या गुणामुळेच अश्मयुगीन मानवाने त्याची हत्यारे घडविली. तथापि लाटांच्या आघातानेही तशाच ढलप्या उडतात. त्यामुळे एकट्या धारदार तुकड्यावरून मानवी हात सिद्ध होत नाही. त्यासाठी क्रमाने काढलेल्या ढलप्यांच्या खुणा शोधाव्या लागतात.