पदवी झाली, पुढे?

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं. तिथल्या दिव्यांग विद्यार्थ्यानं पदवीनंतर काय करावं, याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातल्याच वझ्झरला आहे. शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली दृष्टिहीन माला ब्रेल शिकली, अमरावतीत पदवीधर झाली आणि २०२४ मध्ये एमपीएससीतून लिपिकपदी निवडली गेली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून, वाटा तोकडाच. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, कॉलेजात असतानाच काढावं. दृष्टिहीनाला उत्तरं लिहून देणारा लेखनिक मिळतो, तो परीक्षेपुरता. कचेरीत पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लागतो. तो देणं सरकारी कार्यालयाला बंधनकारक आहे, पण रुजू होतानाच लेखी अर्ज द्यावा.