पूल नवा होईपर्यंत वाट कुठली?

तायांनो, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी वाहून गेल्या. शेजारी दुसरा पूल होता, म्हणून वाहतूक पुन्हा सुरू करता आली.

पुराचं पाणी खांबाखालची माती खरवडतं. वरून रस्ता मात्र ठणठणीत दिसतो. म्हणून पूल पडायची वाट बघायची नाही. नवा पूल शेजारी बांधतात, तोवर जुना तपासून, जड वाहनं बंद करून ये-जा चालू ठेवतात. नाहीतर नदीत सिमेंटचे पाइप टाकून कच्चा वळणरस्ता करतात. पण तो पुरात वाहून जाऊ शकतो.

आपल्याकडे पुलाचं काम निघालं तर ग्रामसभेत विचारा: पावसाळ्यात वाट कुठली? बाळंतपणाला निघालेली बाई, शाळेची पोरं, दुधाची गाडी कुठून जाणार? उत्तर ठरावात लिहून घ्या.