गुलाबाच्या अत्तराचा अंमल

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अत्तरदाणीतून हाताच्या पाठीवर ओढलेली गुलाबाच्या अत्तराची रेघ दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद चाळताना पुन्हा दरवळली, आणि तीही गुलाबाच्या नव्हे, तर चंदनाच्या रूपाने. तेव्हा हा गंध अंगावर वावरताना दिवसभर नेमके काय करतो आणि ते सामर्थ्य त्याला कोठून प्राप्त होते, हे मुळाशी जाऊन पाहावे, अशी ओढ लागली. यजमानीणबाईंनी अत्तराचे गाव सांगितले, ते कनौज.

एके काळी हर्षवर्धनाची राजधानी असलेल्या या गावात चैती गुलाबाचा हंगाम चालू होता. उन्हाने फुलातील सुगंधी तेल उडून जाते, म्हणून फुले भल्या पहाटे खुडून त्याच सकाळी कारखान्यात येतात. तेथे तांब्याची मोठी देग भट्टीवर चढलेली असते. फुले आणि पाणी घालून तिचे झाकण माती व कापसाच्या लेपाने बंद करतात, आणि दोरीने गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, वाफ पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते आणि गुलाबाची वाफ त्यात मुरते. रात्रभर निवल्यावर तेल वर तरंगते, तळाच्या भोकातून पाणी काढून ते पुन्हा देगेत घालतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या फुलांची वाफ पुन्हा त्याच तेलात सोडतात.

हे किती दिवस चालते, असे विचारता भट्टीजवळ उकिडवा बसलेला वृद्ध कारागीर म्हणाला, “पंद्रह दिन, बहनजी. चौदहवें दिन उतारो तो कच्चा है.”

या माणसावरून माझी दृष्टी हलेना. त्या धुरकट, ओलसर कोठीत उष्णतामापक नव्हते, घड्याळाकडे कोणी पाहत नव्हते. जो काही कारभार होता, तो त्याच्या उजव्या हाताच्या तळव्याचा होता. दर थोड्या वेळाने तो हौदात हात घाली, भपक्याच्या गोल पोटावरून तळवा फिरवी, क्षणभर कान देई, आणि भपका प्रमाणाबाहेर तापला असे वाटताच देगेवर ओले फडके फिरवून वाफ आवरी. जळणातील एक लाकूड मागे ओढावे की राहू द्यावे, याचा निवाडाही त्या तळव्यानेच होई. बोटांची कातडी पाण्याने सुरकुतलेली, मनगटाच्या आतल्या बाजूस भाजल्याचे जुने पांढरे वण, आणि नखांच्या कडांत बसलेली लेपाची माती, असा तो हात होता. आणि आपण स्त्रिया ज्या मनगटावर इतक्या नाजूकपणे फाया टेकवतो, त्या मनगटाचे सारे वैभव या हातावर उभे आहे, हे तेथे उभी असताना मला फार तीव्रतेने जाणवले.

दुपारी त्याने काडीला लागलेले तेल हाताच्या पाठीवर घेतले, परंतु स्वतः हुंगले नाही. बाहेरून चहा घेऊन आलेल्या पोराच्या नाकाशी हात नेऊन त्याला विचारले. कारण पुसता म्हणाला, “दोपहर के बाद अपनी नाक गवाही नहीं देती.”

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईने लावल्याचे श्रेय जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात तिला दिले आहे: गरम गुलाबपाण्यावर साचलेली तेलाची साय तिने वेचून ठेवली, आणि त्या अत्तराला बादशहाचे नाव मिळाले. स्त्रीच्या नाकाने हेरलेली ही वस्तू कारागिराच्या हाताने आजवर टिकवली आहे.

परतल्यावर ते अत्तर स्नानोत्तर मनगटांवर आणि कानांच्या मागे लावून मी नित्याच्या कामाला लागले. पहिल्या प्रहरात त्याचा गंध ताज्या देठाचा, किंचित मधाळ आणि काहीसा तिखटच असतो. स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी पडली की तो दबल्यासारखा वाटतो, परंतु लोकलच्या बायकांच्या डब्यात, जेथे गजरे, खोबरेल आणि घामेजलेली अंगे खेटून उभी असतात, तेथे देहाच्या उष्णतेने तो पुन्हा उमलतो. गंमत अशी, की तोवर लावणारीला तो स्वतःला जवळजवळ येईनासा झालेला असतो. सततच्या गंधाची नाकाला सवय होते आणि ते वर्दी देणे थांबवते. भट्टीजवळच्या त्या वृद्धाचे म्हणणे माझ्या नाकालाही तंतोतंत लागू पडले, आणि साक्ष इतरांकडूनच मिळाली: सकाळी शेजारी बसलेली बाई म्हणाली, “गुलाब माळलाय वाटतं?” आणि टळटळीत दुपारी कचेरीतल्या सहकारिणीने विचारले, “देवळातून आलीस का गं? चंदनाचा वास येतोय.” दोघीही खरेच बोलत होत्या. गुलाबातील हलकी द्रव्ये आधी उडतात, चंदनतेलातील जड द्रव्ये सावकाश. जड द्रव्ये हलक्यांना काही काळ धरून ठेवतात, आणि सायंकाळी एकट्या चंदनाचा अंमल सुरू होतो. रात्री पदर घडी करताना त्यातून जो गंध आला, तो फुलाचा नव्हताच. लाकडाचा, दुधासारखा स्निग्ध, आणि माझ्या त्वचेशी इतका एकजीव झालेला, की तो अत्तराचा म्हणावा की माझा, हे ठरेना.

हे सर्व त्या १५ दिवसांचे देणे आहे. चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्यापासून अनेक ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन घालतात. त्याला स्वतःचा गंध नसतो. गुलाब उडाला की खाली काहीच उरत नाही, आणि दुपारपूर्वीच मनगटावर निव्वळ चिकटपणा राहतो. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ते योग्यच झाले. तथापि ज्या तळव्याच्या भरवशावर ते अत्तर उतरते, त्याची मजुरी गिऱ्हाइकाच्या विवेकावरच अवलंबून राहणार. म्हणून अत्तर घेताना, भाव विचारण्यापूर्वी, ते कशात उतरवले आहे हे प्रत्येकीने विचारावे; एक थेंब हातावर घेऊन दुकानातून निघावे, आणि संध्याकाळी काय उरते ते पाहून मगच पैसे मोजावेत.