खून तालुक्यात, गुप्तहेर मुंबईत

१८२१ साली खानदेशातल्या पारोळ्यात कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांना ठार मारण्याचा प्रयत्न झाला. ब्रिग्ज म्हणजे काही साधी असामी नव्हती. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा पोलिटिकल एजंट म्हणून इथे आलेला हा अधिकारी. धुळे शहराला नव्याने उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करून ते अभ्यासकांतही नावाजले. अशा माणसावर हल्ला झाला तो तटबंदीच्या गावात. १७२७ मध्ये बांधला असे सांगतात तो किल्ला, भोवती खंदक आणि झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नाते सांगणारी इथली परंपरा. इम्पीरियल गॅझेटियरमधल्या पारोळ्याच्या नोंदीत या घटनेला जेमतेम एक वाक्य मिळाले आहे. लगेच पुढे सत्तावन साल येते, जहागीरदारावर फितुरीचा ठपका बसतो, जहागीर जप्त होते आणि किल्ल्याची मोडतोड होते.

रहस्यकथा वाचायची सवय असलेल्याचे मन त्या एका वाक्यापाशी अडकून पडते. कट कोणी रचला असेल? सत्ता हातची गेलेल्यांनी, की राज्य बदलल्यामुळे रोजगार तुटलेल्या शिबंदीतल्या कुणी? साहेब त्या दिवशी पारोळ्यात असणार, ही खबर बाहेर कशी फुटली? वार चुकला तो नशिबाने, की आतल्याच कुणी इशारा दिला होता? एका वाक्यात चांगली चारशे पानांची कादंबरी दडलेली आहे. मराठीत हजारोंनी रहस्यकादंबऱ्या छापल्या गेल्या, पण पारोळ्याच्या या कटावर बेतलेली एकही माझ्या वाचनात आली नाही.

मराठी रहस्यकथेचा पत्ता पहिल्यापासून मुंबईचा. बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली होती. १९७० नंतर गुरुनाथ नाईक आले आणि कॅप्टन दीपसारख्या नायकांनी सीमेपलीकडच्या कारवाया गाजवल्या. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजारापलीकडे गेली. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास अशी वेगवेगळ्या चालीची माणसे उभी केली. श्रीकांत सिनकरांनी तर मुंबई पोलिसांचे खरे तपास कादंबरीत आणले. ही पुस्तके तालुक्याच्या वाचनालयांतून इतक्या हातांत फिरत की पाने सुटून यायची, आणि नेमके शेवटचे पान गायब असायचे. गावोगावच्या कितीतरी मुलांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही बसू दिले नाही, हा अन्यायच झाला.

तरी एक उणीव मान्य करावी लागते. या कथांत मोटारी होत्या, पिस्तुले होती, समुद्रकाठचे बंगले होते. बैलगाडीची चाकोरी, जिनिंगचे आवार किंवा बाजाराच्या दिवसाची गर्दी त्यांत फारशी नव्हती. शिवाय बहुतेक कथा पाठलागाच्या, साहसाच्या. जिला इंग्रजी वाचक ‘खून कोणी केला’ची कथा म्हणतात, ती जात वेगळी. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने तिचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत आधीच येऊन गेलेला हवा, भुताखेतांनी उकल करायची नाही, योगायोगाने तपास सुटायचा नाही, आणि गुप्तहेराला जो धागा सापडला तो वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. म्हणजे ही कथा लेखक आणि वाचक यांच्यातला सरळ सामना असते. त्यासाठी गाव लहान, माणसे मोजकी आणि प्रत्येकाचे प्रत्येकाशी जुने काही तरी असलेले बरे. तालुक्याच्या गावाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

आणि तपासाची परंपरा म्हणाल, तर शेरलॉक होम्स १८८७ मध्ये छापून येण्याच्या कितीतरी आधी खानदेशातल्या गावांना आपला तपासनीस होता. त्याला जागल्या म्हणत. इकडे हे काम बहुतेक भिल्लांकडे असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात गावच्या या पहारेकऱ्याच्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवायचा आणि पलीकडच्या गावच्या पहारेकऱ्याची खात्री पटवायची, की गडी तुमच्या हद्दीत शिरला आहे. खात्री पटली की जबाबदारी त्या गावाची. त्याने पुढचा माग काढायचा. अशी शीव ओलांडत ओलांडत ज्या गावात माग हरवला, त्या शेवटच्या गावावर भरपाई बसायची.

या पद्धतीचा बारकाईने विचार करा. माग काढणारा वाऱ्याने ठसा मोडू नये म्हणून तो झाकून ठेवी, काडीने लांबी घेई, टाच किती रुतली यावरून डोक्यावर ओझे होते की नाही हे ताडी. रस्त्याच्या फुफाट्यात आणि काळ्या मातीच्या वाफशात ठसा वेगवेगळा उठतो, हे त्याला पाठ असे. पण नुसते ओळखून भागत नसे. पलीकडच्या गावाला माग मान्य नसण्यातच फायदा होता, कारण मान्य केला की दंड गळ्यात. अशा माणसाला पटेल असा पुरावा दाखवायचा! आजच्या फौजदारी वकिलासमोर उलटतपासणीला उभे राहण्याइतकेच हे अवघड काम. खरे तर्कशास्त्र शिवेवरच्या त्या वादात होते, आणि त्यावर आपल्याकडे एक धड कथा नाही याची मला खंत वाटते.

पावलाच्या ठशानंतर बोटाचा ठसा आला, तोही भारतातच रुजला. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झाले. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली. त्याच सुमारास जलपायगुडीच्या चहामळ्यावरच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता. तिथे सापडलेल्या पंचांगावरचा रक्ताळलेला ठसा जुन्या नोकराशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. ठसा एवढेच सांगतो की हा माणूस इथे होता. त्याने काय केले, ते ठसा सांगत नाही. कादंबरीतला खून आणि न्यायालयातला खून यांतले अंतर या एका निकालात दिसते.

हे अंतर आपल्या भागातल्या एखाद्या साध्या प्रकरणात कसे असते? समजा, शिवारात मृतदेह सापडला. पोलीस पाटील ठाण्याला कळवतात, सुरुवातीला नोंद होते ती अकस्मात मृत्यूची. मग घटनास्थळाचा पंचनामा. त्यात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याची कपाशी, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमक्याची विहीर. रक्तमिश्रित माती एका पुडीत आणि जवळचीच साधी माती दुसऱ्या पुडीत घ्यायची, म्हणजे प्रयोगशाळेत दोन्हींची तुलना करता येते. लाखेचे सील लागते, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या चिकटतात. नंतर जबाब. शेजारचा शेतकरी अहिराणीत म्हणतो, ‘माले काय माहीत, भाऊ.’ कागदावर उतरते, ‘सदर बाबत मला काहीएक माहिती नाही.’ बोलताना तो माणूस क्षणभर थांबला होता, नजर विहिरीकडे गेली होती, ‘भाऊ’ म्हणताना आवाज उतरला होता, यातले काहीच जबाबात येत नाही. कादंबरीकाराला जे हवे असते ते सगळे त्या गाळलेल्या जागेत असते.

खुनी सापडला नाही तर? आपल्या पोलिसांकडे त्याला रोखठोक नाव आहे: ‘अ’ समरी. गुन्हा खरा, पण करणारा मिळाला नाही, असा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. फिर्यादच खोटी ठरली तर ‘ब’ समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून गुन्हा नोंदला गेला असेल तर ‘क’. ‘अ’ समरी झाली म्हणजे प्रकरण कायमचे मिटले असे नाही. नवा पुरावा आला तर तपास पुन्हा उघडता येतो, आणि खुनाच्या खटल्याला मुदतीची अट नाही. पण मेलेल्याच्या घरी त्या कागदाचा अर्थ एवढाच लागतो, की मारणारा अजून मोकळा आहे आणि बहुधा आपल्याच बाजारात भाजी घेतो आहे. न सुटलेल्या खुनाची कथा लिहायची तर ती इथून लिहायला हवी. गुप्तहेराच्या हुशारीपेक्षा त्या घराचे दिवस मोठे आहेत.

कादंबरीच्या शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून गुप्तहेर बोट दाखवतो आणि खुनी कबुली देतो. आपल्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग तेवढा ग्राह्य. प्रत्यक्ष पाहणारा नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी लागते. ती कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या पुण्यातून गेलेल्या खटल्यात सांगितले. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध हवी. सगळ्या मिळून आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणाऱ्या हव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. दुसरा कुठलाही तर्क शिल्लक राहता कामा नये. आणि साखळीत एकही कडी तुटलेली नको. वकिलीत याला ‘पंचशील’ म्हणतात. माझ्या मते रहस्यकथा लिहिणाऱ्याने नॉक्सच्या दहा नियमांआधी ही पाच सूत्रे वाचावीत. त्या खटल्यात आरोपी सुटला, हेही लक्षात ठेवावे.

महाराष्ट्राने पाहिलेले सर्वांत गाजलेले खूनसत्रही मुंबईबाहेरचेच. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात लहान मुली आणि स्त्रियांचे एकामागून एक खून पडले. पिंपळाखालचे गुप्तधन आणि त्यासाठी बळी, असा या प्रकरणाचा गाभा तपासातून पुढे आला. तपास उलगडला तो पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी. मुंबईतल्या रामन राघव खूनसत्राचा तपासही १९६८ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता. मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ चा तो निकाल माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचे यासाठी आजही वकील दाखवतात. खालच्या कोर्टात फाशी झालेले दोघे मुख्य आरोपी शेवटी सुटले. २०२४ मध्ये यावर मालिका आली आणि लोक हळहळत, घाबरत ती पाहत बसले. दुष्काळाची वर्षे, अंधश्रद्धा, गावातली दहशत हे सगळे आपल्याच मातीतले होते. तेवढ्या ताकदीची मराठी कादंबरी मात्र त्यावर तयार झाली नाही.

शेजाऱ्याने काय केले पाहा. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्शी १९३२ मध्ये बंगालीत अवतरला. हे लेखक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या अनेक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या. बंगाली लेखकाला आपल्या डोंगरकिल्ल्यांत कथा दिसली. आपल्याला पारोळ्याच्या किल्ल्यात का दिसू नये?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. खानदेशात लिहिणाऱ्यांची वाण नाही. त्यांच्यापुढे विषय मांडावेत असे वाटते: शिवेवर दोन गावांचे जागल्ये एका ठशावरून भांडत आहेत, १८२१ मध्ये पारोळ्याच्या वेशीतून कुणीतरी घाईने बाहेर पडले आहे, ‘अ’ समरी होऊन वीस वर्षे लोटल्यावर एक म्हातारी आई पुन्हा ठाण्याची पायरी चढली आहे. पोलीस पाटलांशी बोला, निवृत्त हवालदारांशी बोला, तालुका न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसून ऐका. जबाब अहिराणीतच राहू द्या. आणि ‘धनंजय’सारख्या रहस्यकथांना वाहिलेल्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढच्या दिवाळीला एवढे करावे: ज्या कथेतला खून तालुक्यात होतो आणि तपासही तालुक्यातलाच माणूस करतो, अशा कथांसाठी थोडी पाने राखून ठेवावीत.