तुलना : धावपट्टीवर आणि पगारपत्रकात

सामाजिक तुलना : स्वतःची कुवत किंवा मिळकत दुसऱ्याशी ताडून पाहणे. सिद्धांत लिऑन फेस्टिंगर यांचा, १९५४. माणूस शक्यतो आपल्या तोलामोलाच्यांशी तुलना करतो. कौशल्याच्या बाबतीत नजर थोडी वर असते.

कौशल्य
• अविनाश साबळे, मांडवा (ता. आष्टी, जि. बीड). प्रकार : ३,००० मीटर स्टीपलचेस.
• राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाची. म्हणजे तुलना कोणाशी, हे ठरलेलेच!
• बर्मिंगहॅम, २०२२ : केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. रौप्यपदक आणि राष्ट्रीय विक्रम.
• पॅरिस डायमंड लीग, जुलै २०२४ : ८ मिनिटे ९.९१ सेकंद. पुन्हा राष्ट्रीय विक्रम.

कर
• अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांची सूचना : शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बरोबरी करण्यासाठीचा खर्च आवरायचा, तर मिळकतीऐवजी खर्चावर चढत्या दराने कर लावावा.
• महाराष्ट्राचा व्यवसाय कर (कायदा १९७५) तसा चढत जात नाही. मासिक पगार दहा हजारांवर गेला, की पुरुष नोकरदाराला वर्षाला २,५०० रुपये; पगार लाखाचा असला तरी तेवढेच. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर माफी.
• हा कर बसवला रोजगार हमी योजनेसाठी.
• २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मधली. १९८८ च्या ६० व्या दुरुस्तीपूर्वी ती २५० रुपये होती.